ब्राउझरमधून बीएमएस कंट्रोलरचे डायग्नोस्टिक्स कसे बघावेत

बीएमएस म्हणजे इमारतीतली एसीसारखी यंत्रं सांभाळणारी यंत्रणा; तिच्या कंट्रोलरची माहिती ब्राउझरमधल्या पानावर बघता येते. ‘पान उघडत नाही ना, मग कंट्रोलर रीसेट मार’ हा सल्ला साइटवर सर्रास दिला जातो, आणि तो घातक आहे. जेस-८००० सारख्या कंट्रोलरला फॅक्टरी रिस्टोर दिला की त्यातलं अख्खं स्टेशन (त्या इमारतीसाठी केलेलं प्रोग्रामिंग आणि नोंदी) पुसलं जातं: एएचयूची (थंड हवा खेळवणाऱ्या मोठ्या यंत्रांची) वेळापत्रकं, सेटपॉइंट, ट्रेंड, अलार्मच्या नोंदी, सगळं. बॅकअप नसेल तर प्रोग्रामिंग पहिल्यापासून करायचं आणि तोवर इमारतीतल्या लोकांनी उकाड्यात बसायचं. पान न उघडण्याचं कारण बहुतेक वेळा लॅपटॉपमध्ये असतं. कंट्रोलरला हात लावण्याआधी लॅपटॉप तपासा.

पुढची उदाहरणं नायगरा ४ या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या जेस-८००० ची आहेत. कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचा असेल तर मेनूची नावं बदलतील, कामाचा क्रम हाच राहील.

१. केबल

लॅन केबल पीआरआय लिहिलेल्या पोर्टात लावा. शेजारचा एसईसी पोर्ट कारखान्यातून बंदच येतो.

२. पत्ता

आयपी पत्ता पॅनलच्या दारामागच्या कागदावर किंवा ड्रॉइंगमध्ये मिळतो. मूळ पत्ता १९२.१६८.१.१४० असतो, पण साइट सुरू करताना तो बहुधा बदललेला असतो. कुठेच सापडला नाही, तर डीबग पोर्टला मायक्रो यूएसबी केबल लावून ११५२०० बॉडवर सीरियल टर्मिनल उघडा. प्लॅटफॉर्मचं, म्हणजे कंट्रोलरच्या मूळ सिस्टिमचं, लॉगिन हाताशी हवं.

३. लॅपटॉप त्याच नेटवर्कमध्ये आणणे

घोडं अडतं ते इथेच. मलाही सुरुवातीला सगळ्यात जास्त याच टप्प्याने छळलं.

थेट केबल लावल्यावर लॅपटॉपला पत्ता वाटून देणारं कोणी नसतं. सेटिंग ऑटोमॅटिक ठेवलं तर विंडोज आपल्या मनाने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतं आणि कंट्रोलर दिसत नाही. म्हणून पत्ता हाताने द्या. कंट्रोलर १९२.१६८.१.१४० वर असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.१.५० द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेचा (बाहेरच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या दाराचा) रकाना रिकामा सोडा. ‘काहीतरी भरावंच लागतं’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. केबलच्या पलीकडे एकच डबा आहे, गेटवेचं तिथे काही काम नाही.

आता वाय-फाय बंद करा. नुसतं डिस्कनेक्ट नको, पूर्ण बंद. कितीतरी राउटर १९२.१६८.१ हीच मालिका वापरतात. लॅपटॉप वाय-फायवरही त्याच मालिकेत असेल, तर विंडोजसमोर एकाच नेटवर्ककडे जाणारे दोन रस्ते येतात आणि ते त्यातला एक निवडतं. तो वाय-फायचा निघाला की तुमची विनंती केबलमधून बाहेरच पडत नाही. त्याहून वाईट म्हणजे वाय-फायवर १४० क्रमांकावर कोणाचा तरी प्रिंटर बसलेला असू शकतो. तुम्ही पिंग करता (त्या पत्त्यावर कोणी आहे का हे विचारता), तो इमानदारीत उत्तर देतो, आणि तुम्ही छातीठोकपणे सांगता की कंट्रोलर जिवंत आहे, फक्त वेब सर्व्हर मेलाय. तिथून रीसेटपर्यंतचं अंतर फार थोडं असतं.

म्हणून पिंगला उत्तर आलं एवढ्यावर विसंबू नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपी ही आज्ञा वजा-ए लावून चालवा; कोणत्या पत्त्यावर कोणतं यंत्र आहे याची यादी ती दाखवते. प्रत्येक यादीच्या डोक्यावर ‘इंटरफेस’ असं लिहून लॅपटॉपचा पत्ता येतो. कंट्रोलरचा पत्ता तुम्ही केबलला दिलेल्या ५० च्या यादीखाली दिसला पाहिजे. शेजारी मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राच्या नेटवर्क पोर्टचा ओळखक्रमांक, असतो. कंट्रोलरच्या लेबलवर तो छापलेला असेल तर ताडून बघा. जुळला की नेटवर्कचा प्रश्न संपला.

कंपनीच्या लॅपटॉपवर आणखी एक अडथळा असतो. व्हीपीएन किंवा प्रॉक्सी चालू असेल तर ही विनंती कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊ शकते. दोन्ही बंद करा.

४. पान उघडणे

पत्त्याआधी एचटीटीपीएस स्वतः टाइप करा. कंट्रोलरचं सर्टिफिकेट त्याचं त्यानेच बनवलेलं असेल तर ब्राउझर इशारा देतो. थेट केबल असेल आणि मॅक पत्ता जुळला असेल तर पुढे जायला हरकत नाही. ऑफिसच्या नेटवर्कवरून जाताना मात्र डोळे मिटून पुढे जाऊ नका, पासवर्ड भलत्याच्या हातात पडेल. कोरा करकरीत, स्टेशन न टाकलेला जेस असेल तर ब्राउझरमध्ये काही मिळणार नाही; आधी वर्कबेंच या नायगराच्या सॉफ्टवेअरने कमिशनिंग (पहिली मांडणी) करावं लागतं.

घरून बघता यावं म्हणून राउटरवर पोर्ट उघडून कंट्रोलर इंटरनेटवर टांगणं हा गुन्हा समजा. व्हीपीएनशिवाय बाहेरून प्रवेश नको.

५. काय वाचायचं

आधी कंट्रोलरचं घड्याळ बघा. ते चुकीचं असेल तर प्रत्येक नोंदीची वेळ दिशाभूल करेल.

मग पानावरच्या डिव्हाइस आणि किमतींचे रंग. मूळ रंगसंगती बदललेली नसेल तर पिवळा म्हणजे डाऊन: संपर्क तुटलाय, वायर किंवा सप्लाय बघा. नारिंगी म्हणजे फॉल्ट: बहुधा कॉन्फिगरेशनमध्ये घोळ आहे, तिथे वायर तपासत बसणं वेळेचा अपव्यय. जांभळा म्हणजे ओव्हरराइड: कोणीतरी किंमत हाताने अडकवून ठेवली आहे. ‘रात्री एएचयू बंदच होत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी जांभळा शोधा.

डिव्हाइसच्या हेल्थ या भागात शेवटचा संपर्क कधी झाला, तो कधी तुटला आणि का तुटला हे लिहिलेलं असतं. एमएस-टीपी ट्रंकवर, म्हणजे अनेक डिव्हाइस एकापुढे एक जोडणाऱ्या वायरवर, ही वेळ सोन्यासारखी आहे. समजा सातव्या मजल्यापासून वरचे सगळे एफसीयू (खोल्यांतल्या छोट्या एसी युनिटचे) कंट्रोलर पिवळे आहेत आणि त्यांचा शेवटचा संपर्क जवळपास एकाच वेळचा आहे. मग एकेक कंट्रोलर उघडू नका. ट्रंक सहाव्याकडून सातव्याकडे जाते तिथला जोड आणि वरच्या मजल्यांचा सामायिक सप्लाय बघा. वायरिंगचा क्रम ड्रॉइंगवरून घ्या, डिव्हाइसच्या पत्त्यांच्या क्रमावरून नाही. एकटाच डाऊन असेल तर त्याचा २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि फ्यूज. दोन डिव्हाइस येत-जात असतील तर दोघांना एकच पत्ता दिलाय का ते बघा. सगळी ट्रंकच लटपटत असेल तर टर्मिनेशन: १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना, मध्ये कुठेही नाही.

६. निघताना

चाचणीसाठी दिलेले ओव्हरराइड ऑटोवर सोडा, नोंदींचे स्क्रीनशॉट घ्या, लॉगआउट करा आणि लॅपटॉपचा पत्ता पुन्हा ऑटोमॅटिकवर आणा.