आधी बाळाला पालथं करा

पीडियाट्रिक सर्जरीच्या एमसीएच या सुपरस्पेशालिटी पदवीला नव्याने लागलेल्या ज्युनिअर्ससाठी हे लिहितोय. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

पहिल्याच वर्षी ओपीडीत तीन वर्षांचा एक मुलगा आला. आई म्हणाली, "वरचं अन्न सुरू केल्यापासून शी करताना नुसता कण्हतो." पोट चाचपलं, लॅक्ट्युलोज हे शी मऊ करणारं औषध लिहून दिलं. महिन्याने पुन्हा आले, मी डोस वाढवला. तिसऱ्या खेपेला सिनिअरने विचारलं, "पीआर केलंस?" म्हणजे गुदद्वारात बोट घालून तपासणी. नव्हती केली. त्यांनी करंगळी घातली, तर गुदद्वार अरुंद आणि मागच्या बाजूला मऊ फुगवटा. एक्स-रेत सॅक्रमची, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाची, एक बाजूच नाही, उरलेलं हाड कोयत्याच्या पात्यासारखं वाकलेलं. अरुंद गुदद्वार, अर्धवट सॅक्रम आणि त्याच्यापुढे गाठ ही रेडिओलॉजिस्ट करारिनो यांनी 1981 साली मांडलेली त्रयी. या मुलाची गाठ एमआरआयमध्ये मेनिंगोसील निघाली, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाचीच पिशवी. एमआरआयच्या आधी कुणी गुदद्वारातून तिला सुई टोचली असती तर थेट मेंदूज्वराला आमंत्रण. हा दोष बऱ्याचदा घराण्यात चालतो, म्हणून आईबापाचाही एक्स-रे काढला. वडिलांचं सॅक्रमही अर्धंच! आयुष्यभर ते इसबगोल घेत आले होते.

पण तुमची झोप उडवणार सॅक्रोकॉक्सिजिअल टेराटोमा. नवजात बाळांत सगळ्यांत जास्त दिसणारी गाठ हीच, तरी साधारण 35 ते 40 हजार जन्मांत एक, मुलींमध्ये तिप्पट-चौपट. माकडहाडापासून निघते, कधी बाळाच्या डोक्याएवढी असते. बाहेर लोंबणारी गाठ सगळ्यांना दिसते, फसवते ती आत दडलेली. 1974 च्या ऑल्टमन वर्गीकरणात पहिला प्रकार जवळपास पूर्ण बाहेरचा, चौथा पूर्ण आतला. चौथ्यात पाठ बघून काहीच कळत नाही, पुन्हा बोटच कामाला येतं. दोन महिन्यांनंतर कॅन्सरची शक्यता वाढत जाते, म्हणून ही केस 'बघू नंतर' म्हणून ढकलायची नाही.

एएफपीचा (अल्फा-फीटोप्रोटीन, या गाठीचा माग काढायला करतात ती रक्ततपासणी) रिपोर्ट आला की घाबरू नका. मी घाबरलो होतो, कारण आकडा हजारोंच्या घरात आणि लॅबने लाल रंगात छापलेला. शेजारची 'नॉर्मल रेंज' मोठ्या माणसांची होती. नवजात बाळात तो जास्त असतोच, मोठ्यांच्या पातळीला यायला आठ-दहा महिने सहज जातात. एका आकड्यापेक्षा तो उतरतोय की नाही, हे बघा.

ऑपरेशनला बाळ पालथं, कमरेखाली गुंडाळी. गाठीला रक्त पुरवणारी मिडल सॅक्रल धमनी लवकर बांधायची, नाहीतर एवढ्याशा जिवाचं रक्त बघता बघता जातं. गाठ ट्रेमध्ये आली की आमचे सर एकच वाक्य म्हणत, "माकडहाड दाखव." गाठीला चिकटलेला तो वाटाण्याएवढा पांढरा कूर्चेचा तुकडा बोटाने चाचपून दाखवायचा. तो आतच राहिला तर गाठ परत येण्याची शक्यता तीनात एकच्याही वर जाते. आई हमखास विचारते, "हाड काढल्यावर बसता येईल ना?" येतं. बिनधास्त सांगा.

बाळ पालथं केल्यावर कमरेखाली खळगा दिसला, तर आत मज्जारज्जूचा दोष आहे का, ही शंका येते. त्याचं थोडक्यात: मधोमध, पाच मिलिमीटरपेक्षा लहान, गुदद्वारापासून अडीच सेंटिमीटरच्या आत, बाकी त्वचा स्वच्छ, तर सोडून द्या. वर सरकलेला असेल, केसांचा पुंजका किंवा मऊ चरबीची गाठ असेल तर मणक्याची सोनोग्राफी, तीही तीन-चार महिन्यांच्या आत. पुढे मणक्याची हाडं घट्ट होतात, मग एमआरआयच.

टेराटोमानंतर निदान तीन वर्षं दर तीन महिन्यांनी एएफपी आणि पीआर. इथेच आमची खरी गळती होते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेलं कुटुंब थेट उन्हाळ्यात परततं. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी मी फाईलच्या पहिल्या पानावर दोन नंबर लिहून घेतो. एक बापाचा, एक गावातल्या आशाताईंचा. बापाचं सिम बदलतं, आशाताईंचं सहसा नाही.