चढणीचे मासे आणि उन्हाळ्यातले डोह : गावाने आपली नदी कशी राखावी

कोकणातल्या नद्या लांबीने आखूड आणि उताराने तीव्र असल्यामुळे सह्याद्रीवर पडलेला मुसळधार पाऊस पाहता पाहता खाडीला मिळतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत वहाळ, म्हणजे ओढे, कोरडे पडले की पाणी उरते ते केवळ डोहांत, म्हणजे आपल्या कोंडांत. नदीतला मासा पुढच्या पावसापर्यंत तग धरतो तो याच पाण्यात. म्हणून नदी राखण्याचे काम गावाने भर उन्हाळ्यात हाती घ्यावे.

एप्रिलच्या मध्यास जाणत्या माणसांना बरोबर घेऊन नदीकाठाने चालावे, न आटणाऱ्या प्रत्येक डोहाचे नाव वहीत लिहावे आणि बांबूने खोली मोजून ठेवावी. त्यांतला निदान एक डोह मासेमारीला आणि पंपाच्या उपशाला पूर्ण बंद करावा. महाड तालुक्यातील वाळणकोंडात देवीचे मानलेले महसीर मासे पिढ्यानपिढ्या सुरक्षित राहिले आहेत. जिथे अशी श्रद्धा नाही, तिथे ग्रामसभेचा ठराव करावा. आटत्या डोहात ब्लीचिंग पावडर, कीटकनाशक किंवा सुरुंग वापरला, तर मोठ्या माशांबरोबर पिल्ले आणि त्यांचे खाद्य असलेले पाणकिडेही मरतात. विष आणि स्फोटके वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच मनाई केली आहे, हे ठरावात स्पष्ट लिहावे.

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचा महापूर आल्यापासून नद्यांतला गाळ काढण्याची मागणी वाढली, आणि पुराचे पाणी घरात शिरलेल्या माणसाची ती मागणी रास्तच आहे. मात्र यंत्र उतरवण्यापूर्वी डोह, खडक आणि गोट्यांचे पट्टे खुणा करून वगळायला लावावेत, कारण तळाशी राहणारे लहान मासे गोट्यांच्या फटींतच जगतात. काठावरची करंज, उंबर, जांभूळ ही झाडेही तोडू देऊ नयेत. त्यांच्या सावलीनेच मे महिन्यात डोहाचे पाणी सोसण्याजोगे राहते.

सर्वांत नाजूक काळ पहिल्या पावसाचा. त्या दिवसांत अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत आणि भातखाचरांत चढतात, आणि वळगणीचे किंवा चढणीचे मासे धरायला सारा गाव कंदील घेऊन बाहेर पडतो. हा आनंद मीही लहानपणापासून अनुभवला आहे आणि तो पूर्ण बंद करावा, असे माझे म्हणणे नाही. पण चढणीचे पहिले तीन-चार दिवस जाळी व सापळे लावू नयेत, त्यानंतरही ओढ्याची पूर्ण रुंदी अडवू नये, आणि पोट फुगलेली मादी हाती लागली तर ती पाण्यात सोडावी. समुद्रातल्या मासेमारीला पावसाळ्यात बंदी असते ती याच कारणासाठी. ओढ्यांतली बंदी मात्र आपली आपणच पाळायची आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या मे संपण्यापूर्वी काढाव्यात आणि कच्च्या बंधाऱ्याच्या सिमेंटच्या गोण्याही उचलाव्यात, अन्यथा मासा पायथ्याशीच अडतो आणि फाटलेले प्लास्टिक खाडीत जाते.

शेततळ्यात तिलापिया हा परदेशी मासा सोडला असेल, तर तो ओढ्यात उतरू नये म्हणून सांडव्याला बारीक जाळी बसवावी. आफ्रिकन मांगूर पाळण्यास तर देशात बंदीच आहे. डासांसाठी गप्पी मासे ओढ्यात सोडण्याचीही गरज नाही, कारण डोक्यावर पांढरा चमकता ठिपका असलेला आपल्या ओढ्यांतला लहान मासा डासांच्या अळ्या खातो.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या नोंदवहीत प्रत्येक माशाचे स्थानिक नाव, डोह आणि महिना लिहावा. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिर परिसरात सापडलेल्या माशाची विज्ञानाला ओळख २०२० मध्ये झाली, आणि पुढे त्या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. नोंदीसाठी मासा ओल्या हातानेच धरावा, छायाचित्र काढावे आणि जिथून घेतला त्याच डोहात लगेच सोडावा.