ओ सेलची तिसरी ट्यूब

कोणाला कोणतं रक्त चालतं हा तक्ता तुम्हाला पाठ असणारच. प्लाझ्माला तो उलटा लागतो, हेही माहीत असेल. मी अडकले ती रिव्हर्स ग्रुपिंगपाशी, म्हणजे रुग्णाचं सीरम ठाऊक असलेल्या ए, बी आणि ओ लाल पेशींशी (सेल) ताडून पाहतात तिथे. बॉम्बे नावाच्या रक्तगटाने मला तिथेच चकवलं.

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) होऊन ब्लड बँकेत लागले त्याला तीन महिने झाले होते. रात्रपाळीला बाळंतपणाच्या एका बाईंचं सॅम्पल आलं. फॉरवर्डला, म्हणजे रुग्णाच्या सेलवर अँटीबॉडी टाकून पाहिलं, तर अँटी-ए, अँटी-बी निगेटिव्ह. अँटी-डी फोर प्लस, म्हणजे सर्वात घट्ट गुठळी. रिव्हर्सला ए सेल आणि बी सेल, दोन्हींत घट्ट गुठळी. 'ओ पॉझिटिव्ह' लिहून टाकलं. मग क्रॉसमॅचला, म्हणजे पिशवीतले सेल रुग्णाच्या सीरमशी जुळवताना, पहिली पिशवी जुळेना, दुसरीही नाही. पाचवी ट्यूब हलवली तर तळाचं लाल बटण फुटलंच नाही, अख्खा गोळा वर आला. सलाइन बदललं, सेल पुन्हा धुतले. रडू यायला लागलं तेव्हा मॅडमना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "ओ सेल लावला होतास का गं?"

नव्हता लावला. "वीस वर्षांत कधी कामी आला नाही" असं मला शिकवलं गेलं होतं. असं शिकवणाऱ्याचं ऐकू नका, तो कितीही जुना असो.

आता हे नीट समजून घ्या. ए आणि बी अँटीजेन (सेलवरच्या खुणा) एच नावाच्या पायावर चढतात. साध्या ओ ग्रुपला ए-बी नसतात, पण एच भरपूर असतो. बॉम्बे ग्रुपला एचच नसतो. म्हणून फॉरवर्डला तो ओ दिसतो, रिव्हर्सला ए-बी सेलशीही ओसारखाच वागतो. फरक फक्त तिसऱ्या ट्यूबमध्ये: त्याच्या सीरममधला अँटी-एच, म्हणजे एचविरुद्धची अँटीबॉडी, ओ सेलचीही गुठळी करतो. ती ट्यूबच लावली नाही तर फरक दिसणार कुठे? गुठळी आलीच तर ऑटो कंट्रोल (रुग्णाचेच सेल त्याच्याच सीरमशी) लावा आणि अँटी-एच लेक्टिनने, म्हणजे एचला चिकटणाऱ्या वनस्पतीतल्या प्रथिनाने, सेल तपासा. ऑटो कंट्रोल निगेटिव्ह आणि लेक्टिनलाही गुठळी नाही, तर बॉम्बेच धरून चाला. या रुग्णाला बॉम्बेचंच रक्त लागतं, ओ दिलं तर जीव जाऊ शकतो. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हा ग्रुप मुंबईतच पहिल्यांदा नोंदवला, आणि आपणच तो विसरावा?

घाबरू नका, क्रॉसमॅच नीट केलात तर चूक तिथे पकडली जाते. माझी पकडली गेली. त्या बाईंना रक्त लागलंच नाही, पण ती रात्र अजून आठवते.

पिशवी शोधताना आधी सख्खी भावंडं तपासा, प्रत्येकाची शक्यता साधारण चारात एक असते. नात्यातलं रक्त मात्र इरॅडिएट करूनच, म्हणजे त्यावर किरणांचा मारा करूनच द्यायचं.

आणि आनुवंशिकतेचं. आईबाप दोघंही ओ आणि बाळ बी, असा रिपोर्ट हातात आला तर काउंटरवर तोंडातून एक शब्द काढू नका. बॉम्बे असलेल्या बापाकडे बी जीन दडलेला असू शकतो, त्याला बसायला एच नसतो इतकंच. बाळाला आईकडून एच मिळाला की बी दिसू लागतो. असं एक जोडपं माझ्यासमोर उभं होतं, बाईंच्या हातात घडी पडलेला रिपोर्ट आणि सासूबाई मागे गप्प. आधी सॅम्पलची अदलाबदल झाली नाही ना ते पाहा. बाळाचं रिव्हर्स या वयात भरवशाचं नसतं, म्हणून आईबापाची नवी सॅम्पल घ्या आणि दोघांनाही ओ सेल लावा.