मधुमेही कुत्र्याचा मोतीबिंदू: ऑपरेशनआधीची तयारी

फाईल, जुने रिपोर्ट, टॉवेल हे सांगायला नको. आधी एका कागदावर सांधेदुखीच्या औषधांची नोंद करा: गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, शेवटची कधी दिली. गुडघ्यात किंवा खुब्यात इंजेक्शन दिलं असेल, तर तीही तारीख, दोन महिन्यांपूर्वीची असली तरी. हाडांचे डॉक्टर वेगळे, डोळ्यांचे वेगळे, म्हणून नेमकं हेच सांगायचं राहतं. कार्प्रोफेन किंवा मेलॉक्सिकॅम या सांधेदुखीच्या गोळ्यांच्या जोडीला पोटातून स्टेरॉइड गेलं की जठरात व्रण होण्याची भीती असते. दोन्ही औषधांच्या मध्ये काही दिवस मोकळे सोडावे लागतात आणि ते शेवटच्या गोळीपासून मोजतात. सांध्यात दिलेलं दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइड तर आठवडेच्या आठवडे साखर चढती ठेवू शकतं, आणि दोष जातो इन्सुलिनला. ‘लंगडला की देतो अधूनमधून’ हे उत्तर नव्हे. तारीख लिहा.

साखरेचा आलेख घरीच काढा: नेहमीचं खाणं, नेहमीचा डोस, दर दोन तासांनी एक थेंब रक्त, असे बारा तास. दवाखान्यात कुत्रं धड खात नाही, आकडे फसवे येतात. सिरिंज बाटलीशी जुळते का बघा: यू-40 म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट, यू-100 म्हणजे 100. यू-100 इन्सुलिन यू-40च्या सिरिंजमध्ये 10च्या रेषेपर्यंत भरलं, तर 10ऐवजी 25 युनिट अंगात जातात. लघवीचं कल्चरही (जंतू वाढवून बघायची तपासणी) करून घ्या. मधुमेही कुत्र्यात संसर्ग काही लक्षण न दाखवता मुरलेला असू शकतो.

डोळ्याचं म्हणाल तर ‘मोतीबिंदू पिकू दे’ म्हणत थांबू नका. साखरेपासून भिंगात सॉर्बिटॉल तयार होतं, ते पाणी ओढतं, भिंग झपाट्याने फुगतं आणि डोळ्याला आतून सूज येते. सुजेचे थेंब ऑपरेशनआधीच सुरू होतात, चुकवू नका. पांढऱ्या भिंगामागचा पडदा दिसत नाही, म्हणून ईआरजी (पडदा काम करतो का, हे बघणारी विद्युत तपासणी) आणि सोनोग्राफी लागते. पडदाच निकामी असेल तर भिंग काढून उपयोग काय? अश्रू मोजायची कागदी पट्टी मिनिटात 15 मिलिमीटरपर्यंत भिजायला हवी. दाबही मोजतात. गळपट्टा आजपासून बंद, हार्नेस घाला. गळ्याला ओढ बसली की डोळ्यातला दाब वाढतो.

भुलीच्या दिवशी किती तास उपाशी आणि इन्सुलिन किती, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. उपाशी कुत्र्याला मनानेच पूर्ण डोस टोचू नका. भूल देणाऱ्यांनाही तोच सांधेदुखीचा कागद दाखवा. हो, पुन्हा. फाईलमध्ये लावलाय म्हणून कोणी वाचलाय असं धरू नका.

डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात घालायच्या कोनची सवय आठवडाभर आधी लावा. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या, जिन्याला अडसर, सोफ्यावर उडी बंद. थेंबांच्या दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचं अंतर, पांढरं औषध हलवून, मलम शेवटी. स्टेरॉइडच्या थेंबांनीही साखर वाढू शकते, मोजत राहा. पाय दुखतोय म्हणून घरात उरलेली गोळी विचारल्याशिवाय द्यायची नाही. डोळा मिटून धरला, लाल झाला किंवा निळसर धुरकट दिसला, तर त्याच दिवशी फोन.