उरलेली 36 मिनिटं

महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाला शिकवायला निघालेल्या नव्या माणसाने आधी एक साधं गणित मांडून बघावं. सामना 40 मिनिटांचा. त्यातला साधारण अर्धा वेळ चेंडू आपल्याकडे, म्हणजे 20 मिनिटं. मैदानात आपले पाच जण. एकेकाच्या वाट्याला चेंडू येतो चार मिनिटं. उरलेली 36 मिनिटं त्याच्या हातात काहीच नसतं. मालवण तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी अकरा वर्षं मुलांचा आणि मुलींचा संघ सांभाळते आहे. माझं शिकवणं हळूहळू या 36 मिनिटांकडे सरकत गेलं. ते कसं, हे नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी लिहिते.

पहिल्या वर्षी माझ्या वहीत चौदा चाली होत्या. बाण, वर्तुळं, आकडे, सगळं रंगीत पेनांनी काढलेलं. मुलींनी त्या मनापासून पाठ केल्या. पहिल्याच सामन्यात समोरच्या संघाने मैदानभर दाबून धरलं आणि आम्हाला नियमातल्या 8 सेकंदांत मध्यरेषासुद्धा ओलांडता येईना. परतीच्या एसटीत आमची गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारी मुलगी, खिडकीकडे तोंड करून बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मॅडम, चाल माका पाठ होती, पण तेंनी तसा करूकच दिला नाय." चूक माझी होती. मी तिला काय करायचं ते सांगितलं होतं, समोर काय चाललंय ते बघायला शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मला शिकवलं ते पावसाने. आमचं मैदान उघड्यावरचं, सिमेंटचं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यावर शेवाळ धरतं आणि गणपती होईपर्यंत तिथे धावणं म्हणजे पाय मोडून घेणं. खाऱ्या हवेने रिंगचे बोल्ट गंजतात. जाळी तर एका मच्छीमार पालकांनी नायलॉनच्या दोऱ्याने विणून दिलेली आहे, ती मात्र सगळ्या विकतच्या जाळ्यांहून जास्त टिकली. हा खेळ 1891 साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी शोधला तोच मुळी बाहेर थंडी असताना पोरांना छताखाली खेळवता यावं म्हणून. आमच्याकडे छत होतं ते फक्त महाविद्यालयाच्या सभागृहाचं. शहाबादी फरशी, एका टोकाला रंगमंच, आणि रिंग नाही.

रिंगशिवाय तीन महिने काय करणार? पास, पायांची हालचाल आणि बचाव. चार विरुद्ध चार उभं करायचं, चेंडू बाहेरच्या बाहेर फिरवायचा आणि प्रत्येक पासबरोबर बचाव करणाऱ्या चारही जणांनी आपली जागा बदलायची. याला शेल ड्रिल म्हणतात. चेंडूवर एक जण, शेजारचे दोघे पास अडवायच्या तयारीत, आणि लांबच्या बाजूचा चौथा आपला खेळाडू सोडून आत सरकलेला, मदतीला. नवा खेळाडू या चौथ्या जागेवर हमखास चुकतो. त्याला वाटतं, माझा माणूस तिकडे उभा आहे, मी इकडे का यायचं?

हे मी पंधरा दिवस फळ्यावर समजावत होते. मग एका मुलाने एका वाक्यात सोडवलं. त्याच्या घरी रापण आहे. म्हणाला, "मॅडम, ह्या रापणीसारखाच मा?" रापणीत होडीतून जाळं समुद्रात अर्धगोलात सोडत नेतात आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरच्या दोन रांगा ओढत राहतात. जाळं जवळ येईल तशा त्या रांगाही एकमेकींकडे सरकतात. एक रांग जागच्या जागी राहिली तर मासळी त्या बाजूने निघून जाते. चेंडू डावीकडे गेला की उजवीकडच्यांनी आत यायचं, ते याचसाठी. त्या दिवसापासून आमच्याकडे 'हेल्प साइड' (चेंडूपासून लांबची, मदतीची बाजू) हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. 'रांग सरकव' म्हटलं की पुरतं. तुमच्या मुलांच्या घरात काय काम चालतं हे जरूर विचारा. कबड्डीत साखळी धरणारी मुलगी बास्केटबॉलचा बचाव इतरांपेक्षा लवकर शिकते, कारण शेजारणीबरोबर पाऊल टाकायची सवय तिला आधीच असते.

त्याहून अवघड असतं बोलणं. आमची मुलं मैदानाबाहेर एवढी बोलतात, पण आत गेली की मुकी होतात. बचावात न बोलणारा संघ हा पाच एकट्या माणसांचा संघ असतो. मदतीला पोचलेल्याने ओरडून सांगायलाच हवं, म्हणजे पुढचा निर्धास्तपणे चेंडूवर दाब टाकेल. इंग्रजी शब्द मुलांच्या तोंडून फुटत नव्हते, लाजायची. मग आम्ही ठरवलं, मदतीला आलेल्याने म्हणायचं, "मी आसंय!" सभागृहात सुरुवातीला हसू यायचं. महिनाभराने तो आवाज आपोआप यायला लागला. मुंबईच्या मुलांना तो कळत नाही, हा आणखी एक फायदा.

उंचीबद्दल. माझ्या मुलींच्या संघात साडेपाच फुटांची मुलगी म्हणजे सेंटर, रिंगजवळ खेळणारी सगळ्यात उंच. अशा संघाचा प्रशिक्षक आपोआप 2-3 झोन बचावाकडे वळतो, म्हणजे माणूस न धरता पुढे दोघांनी आणि रिंगपाशी तिघांनी आपापली जागा राखायची. मीही वळले. आत गर्दी करायची आणि बाहेरून टाकू द्यायचं. हे काही काळ चालतं. पण तीन गुणांची रेषा समोरून 6.75 मीटर असली तरी कोपऱ्यात ती बाजूच्या रेषेला समांतर जाते आणि अंतर 6.60 मीटर भरतं. 2-3 मध्ये सगळ्यात उशिरा माणूस पोचतो तो याच कोपऱ्यात, आणि चांगल्या संघांना ते पक्कं ठाऊक असतं. माझं स्पष्ट मत आहे की महाविद्यालयात पहिली दोन वर्षं माणसाला माणूस हाच बचाव शिकवावा आणि झोन नंतर आणावा. ज्याला माणूस धरता येतो त्याला झोन आठवड्यात जमतो. उलट करून बघा, जमत नाही. उंचीची उणीव रिबाउंडला, म्हणजे हुकलेला चेंडू परत मिळवताना, भरून काढायची असेल तर चेंडू रिंगकडे निघाल्याबरोबर वर बघायचं नाही. आधी आपला माणूस शोधायचा, त्याला पाठीने अडवायचा, मग चेंडू.

मोबाइलवर सामने बघून शिकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची क्वार्टर 12 मिनिटांची, आपली फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणे 10 मिनिटांची. तिथे सहा फाउलवर बाहेर, आपल्याकडे पाचवर. तिथे बचाव करणाऱ्याला कुणालाही न धरता रिंगखालच्या चौकटीत तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, आपल्याकडे तसा नियम नाही. म्हणजे लांबच्या बाजूचा मदतनीस आपल्याकडे चौकटीत खुशाल उभा राहू शकतो, आणि तुम्ही एनबीए बघून त्याला उगाच बाहेर काढत असता. अमेरिकन महाविद्यालयांचा खेळ आणखी वेगळा. तिथे पुरुषांचा सामना 20 मिनिटांच्या दोन भागांचा आणि शॉट क्लॉक, म्हणजे चेंडू रिंगकडे टाकायची मुदत दाखवणारं घड्याळ, 30 सेकंदांचं. आपलं 24 सेकंदांचं. टाइम-आउटही आपल्याकडे खेळाडूने मागायचा नसतो, तो बाकावरूनच मागावा लागतो. पूर्वार्धात दोन, उत्तरार्धात तीन. पण शेवटच्या दोन मिनिटांत तीनपैकी दोनच वापरता येतात, म्हणून तिसरा राखून ठेवलात तर तो वाया गेला.

तरीही अमेरिकन महाविद्यालयांकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते चालींपेक्षा सवयींत आहे. यूसीएलए या विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन वुडन यांनी बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. ते मोसमाच्या सुरुवातीला खेळाडूंना मोजे नीट कसे घालायचे ते शिकवत, कारण सुरकुती पडली की फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या डीन स्मिथ यांच्या संघात बास्केट करणारा पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचा. आम्ही ही पद्धत जशीच्या तशी उचलली. तिसऱ्या आठवड्यातच फरक दिसला. पास देणाऱ्याला कुणीतरी बघतंय हे कळलं की तो पुन्हा पास देतो.

आक्रमणात मी आता दोनच गोष्टी शिकवते. पास दिल्यावर थांबायचं नाही, कापत आत जायचं. आणि बचाव करणारा पास अडवायला पुढे झुकला की त्याच्या पाठीमागून रिंगकडे पळायचं, म्हणजे बॅकडोअर. 1996 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलएला 43-41 असं हरवलं, तो शेवटचा बास्केट बॅकडोअरचाच होता. प्रिन्स्टनचे प्रशिक्षक पीट कॅरिल यांचा संघ ताकदीने आणि उडीने प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमीच होता. उंच, जोरदार संघ आम्हाला अंगावर येऊन दाबतो तेव्हा आमच्या मुली आता घाबरत नाहीत. जितकं पुढे येतील तितकी मागे जागा. सभागृहात रिंग नसते, म्हणून आम्ही प्लास्टिकची खुर्ची ठेवतो आणि पळणाऱ्याच्या हातात नेमका खुर्चीपाशी पास पोचला की एक गुण.

महाविद्यालयाच्या संघाची खरी अडचण मात्र डावपेचांची नसते. संघ दर वर्षी बदलतो. तृतीय वर्षाचे चौघे जातात, अकरावीतून दोन येतात, त्यातल्या एकाने आयुष्यात कधी ड्रिबल केलेला नसतो. गणपतीला आठ-दहा दिवस कुणी मिळत नाही आणि मिळावं अशी अपेक्षाही करू नका. दिवाळीपासून किनाऱ्यावर पर्यटक येतात, मग कुणी तारकर्लीला बोटीवर, कुणी घरच्या खानावळीत. त्या पोरांना 'खेळाशी निष्ठा नाही' म्हणणारे मला आवडत नाहीत. घर चालतं म्हणून पोर मैदानात येतं. मी सराव सकाळी साडेसहाला ठेवते आणि ज्या मुलींची गावची गाडी सहाला सुटत नाही त्यांच्यासाठी दुपारी अर्धा तास वेगळा. पालकांकडे स्वतः जाऊन येते. जिच्या घरी मी चहा घेतलाय तिला सामन्याला पाठवताना आई नाही म्हणत नाही. संघ दर वर्षी बदलणार म्हणूनच शिकवायच्या गोष्टी थोड्या ठेवाव्या लागतात. वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्यांना शिकवता येतील एवढ्याच.

नोकरीचं थोडक्यात सांगते. क्रीडा संचालक आणि प्रशिक्षक ही दोन वेगळी कामं आहेत. महाविद्यालयात संचालक व्हायचं तर शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी 55 टक्क्यांनी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा (किंवा पीएच.डी.) लागते, शिवाय शारीरिक क्षमता चाचणी असते. प्रशिक्षणासाठी पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, 1961 पासूनची. तिथे पदविका आहे आणि सहा आठवड्यांचा अभ्यासक्रमही. बहुतेक जण मानधनावर सुरुवात करतात, आणि ते मानधन कमी असतं. ते गृहीत धरूनच या. सगळ्यात स्वस्त शिक्षण म्हणजे तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या स्पर्धेत टेबलावर बसून स्कोअरशीट लिहिणं. दोन मोसम ते केलंत की फाउल, टाइम-आउट, खेळाडू बदल यांचं भान पुस्तकाशिवाय येतं.

आमच्या बाकावर आणखी एक वही असते. खेळत नसलेल्यांपैकी एक जण ती लिहितो. गुण त्यात नसतात. मदतीला कोण वेळेवर सरकलं, कुणी पाठीने अडवलं, चेंडू कुणी गमावला, हे खुणांनी. गेल्या मोसमात आचऱ्याचा पहिल्या वर्षाचा एक मुलगा तिसऱ्या क्वार्टरमध्ये चार मिनिटं खेळला. सरावात दोन महिने त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. समोरचा गार्ड मोकळ्या वाटेने रिंगकडे घुसला आणि हा लांबच्या बाजूने ओरडला, "मी आसंय!" तो अजून पोचलाही नव्हता, पण आवाज पोचला. गार्ड बिचकला, थांबला, मागे पास दिला आणि 24 सेकंद संपले. त्या मुलाने चार मिनिटांत चेंडूला हातसुद्धा लावला नाही. स्कोअरशीटवर त्याच्या नावापुढे काही नाही. वहीत सहा खुणा आहेत.

सामना झाला की जेवायच्या आधी ती वही सगळ्यांसमोर वाचायची आमची पद्धत आहे. गुण कुणी किती केले ते त्यानंतर.