सवय मोडण्याआधी तिचा खटका शोधावा

संध्याकाळी हात आपोआप फरसाणाच्या डब्याकडे जात असेल, तर मनोनिग्रह कमी पडतो असे ठरवून मोकळे होऊ नये. आठवडाभर एक लहान वही जवळ ठेवावी आणि डबा उघडला की किती वाजले, आपण कुठे होतो, सोबत कोण होते, मनःस्थिती कशी होती आणि त्याच्या लगेच आधी आपण काय करत होतो, एवढे टिपून ठेवावे. यातली शेवटची नोंद बहुधा सर्वांत बोलकी असते. माझ्या वहीत भूक क्वचितच होती. होते ते गॅसवरचे आधण. चहा उकळेपर्यंत ओट्याशी रिकामे उभे राहायचे आणि डबा नेमका हाताशी, हाच माझा खटका, म्हणजे सवय सुरू करून देणारा क्षण, होता.

हा खटका किती बळकट असतो, हे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड नील, वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दिसते. चित्रपटगृहात पॉपकॉर्न खाण्याची ज्यांना पक्की सवय होती, त्यांनी सात दिवसांचे शिळे पॉपकॉर्नही ताज्याइतकेच खाल्ले, आणि तेही ते आवडत नसताना. तेच शिळे पॉपकॉर्न सभा-बैठकांसाठीच्या खोलीत दिले तेव्हा, किंवा चित्रपटगृहातच पण सवयीचा नसलेल्या हाताने खायला लावले तेव्हा, सवयीचा जोर ओसरला.

म्हणून खटका सापडला की मनाशी झगडत बसण्यापेक्षा जागा बदलावी. मी डबा माळ्यावर ठेवला. स्टूल घेऊन चढेपर्यंत आपण काय करतो आहोत, याचे भान येते. आधणाचा तो रिकामा वेळही मोकळा सोडू नये; मी तेवढ्यात दुसऱ्या दिवसाची भाजी निवडायला घेतो.

नवी सवय लावतानाही हेच सूत्र उलट वापरता येते. ‘रोज सकाळी गोळी घेईन’ असे मोघम न ठरवता ‘दात घासून ब्रश ठेवला की गोळी घेईन’ असे ठरवावे आणि गोळ्यांची डबी ब्रशशेजारीच ठेवावी. मात्र ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ या हिशेबावर विसंबू नये. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ ते २५४ दिवस, मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) धरल्यास ६६ दिवस, असा निघाला. मध्येच एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात आढळले. तेव्हा खाडा पडल्यास दुसऱ्या दिवशी त्याच ब्रशपाशी पुन्हा सुरुवात करावी.