गरवायला शिसं नको, तर काय बांधायचं?

गरीने (गळाने) मासे धरताना ती बुडावी म्हणून वजनाला बांधतात ते शिसं सोडावं का? माझ्या मते हो, आणि सुरुवात खाडीपासून नाही, घरापासून करा. चुलीवर डबा ठेवून शिसं वितळवायचं नि साच्यात ओतायचं, हे आधी बंद. त्याची धूळ त्याच पडवीत बसते जिथे पोरं रांगतात. चिरलेली शिशाची गोळी दातांनी तंगुसावर (गरीच्या नायलॉन दोरीवर) दाबायची सवयही सोडा; पक्कड कशाला आहे?

आता वजनाचं. हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी नट आणा. शिसं लोखंडाच्या जवळपास दीडपट जड, म्हणजे तेवढ्याच वजनाला नट मोठा लागणार आणि ओढीत जास्त वाहणार. भरतीच्या जोरात दोन एकत्र बांधा. नट मुख्य तंगुसाला थेट बांधू नका. मध्ये वीतभर बारीक तंगूस घ्या, म्हणजे कातळात अडकलं तर नट तुटून जातो. गरी आणि तिला लागलेली तांबोशी मासळी आपली राहते. गंजतो म्हणता? गंजू दे. टंगस्टन शिशाहूनही जड, पण कपारीत रोज हरवायला कुणाला परवडतंय!

पागाचं, म्हणजे फेकायच्या जाळ्याचं, शिसं जाळ्याबरोबर घरी येतं, ते जाळं बदलाल तेव्हा बघा. सुटी गोळी मात्र पाण्यात राहते. इंग्लंडमध्ये अशा गोळ्या गिळून हंस मरायचे, म्हणून १९८७ मध्ये सुमारे २८ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली.

साठलेलं शिसं भंगारवाल्याला द्या, आणि ते हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.